सरी मोजत

क्लबच्या वहीत पहिलं पान नियमांचं.
अक्षर माझं, कारण सेक्रेटरी मी,
आणि सेक्रेटरी मी, कारण निवडीच्या मीटिंगला
मी एकटाच उशिरा पोचलो.

नियम एक : वारा बघितल्याशिवाय उडवायचं नाही.
नियम दोन : आधी रिमोट चालू, मग विमान. बंद करताना उलटं.
नियम तीन मागाहून, वेगळ्या शाईत :
विमान उसात गेलं तर ज्यानं पडताना बघितलं
त्यानं बोट त्या दिशेला रोखून उभं राहायचं.
हलायचं नाही. कुणी चहा दिला तरी नाही.

वडणग्याच्या पुढं
श्रेणिक मगदूमच्या चुलत्याचं दीड एकर मुरमाड.
तिथं ऊस येत नाही म्हणून आम्ही येतो.
तिन्ही बाजूंनी मात्र ऊसच,
चौथीकडं म्हशींचा गोठा.
वर्षाचं भाडं अकरा हजार
आणि दिवाळीला पेढ्याचा बॉक्स, तो सतीश माळी विसरला
त्या वर्षी धावपट्टीवर शेणी थापलेल्या.

रविवारी साडेसहाला यासीन शिकलगार येतो
उद्यमनगरातून, आठवडाभर लेथवर बुश काढून,
नखात कुलंटचा वास घेऊन,
आणि पंख्याचं नट असं आवळतो
जसं बाळाच्या टोपड्याचं बंद.
डॉक्टर आवटी दुसऱ्यांचे दात हसत काढतात,
स्वतःचं विमान उतरवताना डोळे मिटतात.
वर्गणी कुणीच वेळेवर देत नाही.
नऊला वारा उठतो, मग कटवडा.

सरनोबत सरांनी बाल्साचं विमान चार महिने घासलं.
पिवळं. शेपटीला लाल पट्टा.
सप्टेंबरात तिसऱ्याच फेरीला
सिग्नल तुटला, आणि ते उसावरून
खाली बसलं, बगळा बसावा तसं, आवाजच नाही.
सर बोट रोखून उभे राहिले.
चाळीस मिनिटं. आम्ही सरी मोजत आत,
पानांनी कान कापले, गळ्याला कूस लागली,
सापडला तो एक जुना टायर.
बाहेर आलो तेव्हा सरांचा हात थरथरत होता, पण तिथंच.
‘बोट चुकलं असेल माझं,’ म्हणाले.

त्यानंतर सर यायचे. थर्मास आणायचे.
दुसऱ्यांच्या शेपट्या धरायचे इंजिन चढेपर्यंत.
उडवायचे नाहीत.

जानेवारीत फोन आला, नंबर अनोळखी.
पोरीचा आवाज, बीडकडचा :
‘तुमचं इमान घावलंय.’
मी चपापलो. माझं कधी हरवलं होतं?
मग आठवलं, पंखाखाली मीच चिकटवलेली चिठ्ठी :
सापडल्यास कळवा.

टोळी वाढं बांधत होती. मुकादमाचा फोन हातात घेऊन
सारजा उभी, वय नऊ असेल,
दुसऱ्या हातात विमान, मांजर धरावं तसं.
एक पंख उंदरानं कुरतडलेला,
पिवळ्याचं ताक झालेलं.
‘कुठं?’
तिनं तुटलेल्या खोडांकडं दाखवलं.
मी माळावर जाऊन सरांच्या जागेवर उभा राहिलो,
हात लांब केला.
बोट बरोबर होतं.
आम्ही सरी चुकलो होतो.

हे सरांना कसं सांगायचं, यासीनला विचारलं.
तो म्हणाला, सांगू नका, उभं करा.

तसं केलं.
सर बोटाच्या रेषेत बघत राहिले.
मग खाली बसले, चिखल नखानं खरवडला,
माझी बॅटरी जोडली.
शेपूट हललं.
सारजा दोन पावलं मागं, तीन पुढं.
सरांनी रिमोट तिच्या हातात दिला.
‘डावीकडं ढकल. हां.
आता तोंड आपल्याकडं. आता डावं ते उजवं होतंय,
सगळे इथंच चुकतात.’
‘आरशात हुतंय तसं,’ ती म्हणाली,
आणि एकदाही चुकली नाही.

वहीत त्या दिवसाची नोंद :
वारा पूर्वेकडून, हलका.
हजर सात, अधिक एक.
बॅटरी संपली, चार्जर घरी राहिलेला.
सरनोबत सरांची वर्गणी जमा,
मागच्या चार महिन्यांसकट.